एक तृतीयांश घोडा

३ जून

पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढून झाली. इंजिनातलं ऑइल काढलं, नोझल फडक्यात गुंडाळून ठेवले. हे मी तरुणपणापासून करतो आहे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. लिहिण्यासारखं हे, की काम संपल्यावर नाखव्याने मला चहा पाजला. आमचा नाखवा बोटीचा मालक असला तरी फुकट चहा पाजणाऱ्यांतला नव्हे. अर्धा कप होईपर्यंत कळलं, की नारळी पौर्णिमेपासून बोटीवर नवीन इंजिन येणार, त्याला कॉम्प्युटर असणार आणि त्या कॉम्प्युटरला ड्रायव्हरही नवीन लागणार. बोटीचा ड्रायव्हर म्हणजे इंजिन बघणारा, म्हणजे आजवर मी.

"महिपत, तू आता जरा आराम कर रं," तो म्हणाला.

मी "बरं" म्हटलं. उरलेला चहा प्यालो. बिस्किटही खाल्लं. अपमान झाला म्हणून बिस्किट टाकून उठावं, हे मला पटत नाही.

घरी बोललो नाही. सत्यवतीला, म्हणजे बायकोला, कळलं तर ती आधी नाखव्याच्या दारात उभी राहील आणि मग अख्ख्या पूर्णगडात कोणाला चैन पडणार नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत दुसरं काहीतरी उभं करायचं आणि मगच सांगायचं. काय उभं करायचं ते अजून ठरलेलं नाही. बोटीवर नसलेला महिपत डोर्लेकर कसा दिसतो ते मी कधी पाहिलेलं नाही. इंजिनाची रोजची नोंद लिहायची हाताला सवय आहे. इंजिन गेलं, हात राहिला, म्हणून ही वही.

७ जून

सत्यवती आज मासळीची अर्धी पाटी परत घेऊन आली. ती वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, वाड्यांमध्ये मासळी विकते. पावसाळ्यात सुकी, एरवी ताजी. रिक्षावाला पाटी बघून लांबूनच हात हलवतो, एसटीचा कंडक्टर नाक मुरडतो, म्हणून ती चढण पायी चढते. आता कुठून तरी विनोद नावाचा एक प्राणी उगवलाय. त्याची मोटरसायकल आहे, मागे बर्फाची पेटी, पुढे भोंगा. भोंग्यात त्याच्याच आवाजात "ताई, माई, वहिनी" असं भरून ठेवलंय. ही वर पोचेपर्यंत ताई, माई आणि वहिनी सगळ्या घेऊन मोकळ्या.

"आता सुकी हाय म्हनून भागताय," गरम पाण्यात पाय सोडून ती म्हणाली. "ताजी सुरू झाली का माजी पाटी कोन बगनार? वीस वर्साचा गिऱ्हाईक माजा, भोंग्यान नेलान."

मला फार वाईट वाटलं. ती स्वयंपाकाला उठली आणि तिचा मोबाइल माझ्या उशाशी तसाच चालू राहिला. त्यात पुण्याचा एक पोरगा साध्या सायकलला मोटर बसवत होता. हिला मोबाइल बंद करायचंही भान राहत नाही. मी सहज बघितलं. ते संपलं तर पुढचंही तसलंच लागलं, आणि त्याच्या पुढचंही.

आणि एकाएकी मला कल्पना सुचली. सायकलला मोटर बसवायची! मागे बर्फाची पेटी बांधायची. मी स्वतः चालवणार, विनोदच्या आधी वर पोचणार, आणि सत्यवती घरात पाय पसरून बसणार. मी धावत चुलीपाशी गेलो आणि सांगितलं.

"आवो, काय डोका हाय तुमचा!" ती म्हणाली आणि तिने भाकरी उलटली. तिला फारसं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. माझ्या डोक्याची तिला सवय आहे.

१० जून

मोटरींचा अभ्यास. सायकलच्या मोटरी वॉटवर विकतात, त्यामुळे माणूस फसतो. मी घोड्यांत मोजणारा. आमच्या बोटीचं इंजिन एकशे वीस घोड्यांचं. सायकलला सगळीकडे मिळते ती मोटर अडीचशे वॉटची. कागदावर हिशेब केला. एक तृतीयांश घोडा!

"फुडचा तृतीयांश का मागचा?" सत्यवतीने विचारलं.

बाईमाणसाला यंत्रातलं काय कळणार, पण प्रश्न वाईट नव्हता. चढणीला मागचाच भाग उपयोगी.

मोटरी तीन तऱ्हेच्या असतात. एक चाकात बसते आणि तिच्या पोटात दातेरी चक्रं असतात. दुसरी चाकातच बसते, पण पोटात नुसती चुंबकं. तिसरी पायडलपाशी बसते आणि साखळी ओढते. पुण्याचा पोरगा म्हणतो, चढणीला तिसरी उत्तम. पण माझ्या सायकलची साखळी वडिलांच्या वेळची आहे, ती स्वतःलाच कशीबशी ओढते. मी दुसरी ठरवली, पंधराशे वॉटची, म्हणजे दोन घोडे. मला चार घोडे हवे होते, पण अक्षयाने फोनवर अडवलं. अक्षया आमची मुलगी, रत्नागिरीला औषधांच्या दुकानात असते.

"बाबा, अडीचशेच्या वर गेलं की ती गाडी होते. नंबर लागतो, लायसन्स लागतं."

"पोलीसपाटील तुझ्या आईकडूनच सुकट घेतात."

"मग?"

"मग सायकलच आहे."

दुकानदाराला फोन करून विचारलं की मोटरीला रिव्हर्स आहे का. तो हसला. धक्क्याला लागताना रिव्हर्स नसला तर काय होतं, हे त्याला ठाऊक नसावं.

१६ जून

बॅटरीचा प्रश्न मी एका दिवसात सोडवला. बोटीच्या जुन्या बॅटऱ्या परसात पडल्या होत्या, ॲसिडच्या. या बॅटऱ्यांना मी लहानाच्या मोठ्या होताना पाहिलंय. अनोळखी लिथियमवर विश्वास ठेवण्यापेक्षा ओळखीचं ॲसिड बरं. कॅरिअरवर दोन आणि दोन्ही बाजूंना एकेक बांधली. सायकल काही क्षण उभी राहिली. मग स्टँड मातीत गेला आणि सगळं खुराड्यावर कोसळलं.

कोंबडी वाचली. अंडी द्यायची मात्र थांबली आहे आणि मी परसात गेलो की दुसरीकडे बघते.

"मी म्हनते, इतकी उंच सायकल कशाला?" सत्यवती म्हणाली. "मानसाचा पाय टेकला पायजे जमिनीला."

"माझा टेकतो."

"तुमचा टेकताय," ती म्हणाली आणि खुराडं उभं करू लागली. तिला काय म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.

लिथियम घ्यावं लागणार.

२३ जून

मोटर आली. चाकासकट, जात्याएवढी जड. बघून ऊर भरून आला. पण मी घाई करणारा नव्हे. नवी लाकडी होडी कोणी थेट दर्यात घालत नाही. आधी ती खाडीत भिजत ठेवतात, मग लाकूड फुगतं, सांधे आवळतात आणि गळती आपोआप बंद होते. पुण्याच्या पोराला हे माहीत नाही, कारण पुण्याला खाडी नाही. मी मोटरीला दोर बांधला आणि ती धक्क्याखाली सोडून आलो. दोन भरत्या आत राहू दे.

२५ जून

मोटर काढली. सांधे आवळले असणारच. फिरवली तर आतून कोणीतरी दात खात असल्यासारखा आवाज येत होता. झाकण उघडलं. चमचाभर रेती निघाली आणि मागून खेकड्याचं एक पोर बाहेर आलं. ते माझ्याकडे बघून नांगी वर करून उभं राहिलं. चूक त्याचीही नव्हती.

गोड्या पाण्याने धुतली, उन्हाची वाट बघितली. ऊन आलं नाही. शेवटी चुलीवरच्या फळीवर बोंबलांशेजारी वाळत ठेवली.

३० जून

मोटर फिरली! थोडी खोकते, पण फिरते. बॅटरीही आली. जुन्या लॅपटॉपांमधले सेल काढून बांधलेली आहे, स्वस्तात मिळाली, आणि विकणाऱ्याने शपथेवर सांगितलं की अशी दुसरी नाही.

आता पावसापासून सगळं झाकायचं. बोटीला आम्ही मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल लावतो. मुशीच्या तेलाची बरोबरी करील असं काही शहरात बनत नाही. वायरींना लावलं, बॅटरीच्या पेटीला लावलं, मोटरीला वीज मोजून सोडणाऱ्या कंट्रोलरला दोन हात दिले. उरलं ते सीटला.

सत्यवती बाहेर आली, वास घेतला आणि परत आत गेली.

१ जुलै

मांजरं आली आहेत.

२ जुलै

आणखी आली. यातली काही आमच्या गावची नाहीत. सायकलच्या भोवती गोल करून बसतात, एखाद्या सभेसारखी. एकाने पुढच्या ब्रेकची वायर चाटून चाटून बारीक केली आहे. मी हाकललं तर उठून जातात, आणि मी घरात शिरलो की अध्यक्षासकट परत येतात.

५ जुलै

आज चाचणी झाली. सगळं खरं लिहितो, कारण खोटं लिहून नोंदीचा उपयोग नसतो.

मासळीच्या वजनाऐवजी पेटीत जांभ्याचा चिरा ठेवला. मी वर बसलो. सपाटीवर सायकल अशी सुटली, की मला दोन्ही घोडे वेगवेगळे जाणवले. मांजरं पळत मागे राहिली. मी मनात म्हटलं, नाखव्या, बघ! चढण लागली. अर्ध्या चढणीवर बॅटरी गपकन बंद पडली. कुरकुर नाही, खोकला नाही, सरळ बंद. आणि मला हवा होता तो रिव्हर्स मिळाला. चिरा, मी आणि सायकल मागल्या पावली खाली आलो, मध्ये मांजरं भेटली, ती बाजूला झाली, आणि आम्ही पोलीसपाटलांच्या कुंपणात थांबलो.

"काय महिपत?" ते म्हणाले. हातात दात घासायचा ब्रश होता.

"चाचणी आहे," मी म्हटलं.

"सायकलच हाय ना?"

"सायकलच."

उठून पुन्हा बटण दाबलं तर बॅटरी शहाण्यासारखी चालू. चिडून पूर्ण जोर दिला. या वेळी चाक फिरलं नाही. चाक जागेवर राहिलं आणि चाकाचा आसच आपल्या खाचेत गरगर फिरला, सगळ्या वायरी स्वतःभोवती गुंडाळून घेतल्या आणि वडिलांच्या सायकलचा आस धरणारा मागचा कान फाडून बाहेर आला. मग धूर निघाला. धुराला मुशीचा वास होता.

सत्यवती चिरा आणायला आली. तो तिचा, तुळशीजवळचा.

मी जेवलो नाही. नारळी पौर्णिमा महिन्यावर आली. नवीन ड्रायव्हर बोटीवर चढेल तेव्हा मी कुठे उभा असेन, हा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही.

१० जुलै

बॅटरी का बंद पडली ते कळलं. पुण्याच्या पोराने हजारदा सांगितलं होतं, पण ते इंग्रजी आकड्यांत. मला आज भाकरी खाताना डिझेलमध्ये कळलं. टाकी मोठी असून उपयोग नाही, टाकीपासून इंजिनापर्यंतचा पाइप जाड लागतो. लॅपटॉपच्या सेलांची टाकी मोठी आणि पाइप बारीक. चढणीला इंजिनाने जोराने ओढलं की बॅटरीच्या आतला चौकीदार, म्हणजे तिला जपणारं सर्किट, घाबरून झाकण लावतो. बॅटरी किती साठवते हे नंतर विचारायचं. एका दमात किती देते हे आधी.

दुसरं म्हणजे चाक. चाक जेवढं लहान, तेवढा चढणीला जोर जास्त आणि मोटर कमी तापते. मी स्वतः शोधून काढलं. आणि योगायोग बघा. परसात आलो तर सत्यवती अक्षयाची शाळेतली सायकल धूत बसलेली. लहान चाकं, मधला दांडा नाही, सीट खाली.

"भंगारात देते," ती म्हणाली. "तुमाला काय उपेग नाय ना?"

"थांब!" मी ओरडलो. बाई नशीबवान, मी वेळेवर पोचलो. तिला म्हटलं, या चाकांचं महत्त्व तुला कळायचं नाही. ती म्हणाली, "नाय वो, मना काय कळताय." मागच्या कानाला या वेळी दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावणार, म्हणजे आस फिरणार नाही. मोटरही सावकाश फिरणारी, जोराची, लहान चाकातली मागवली. तिला मी खाडी दाखवणार नाही.

१३ जुलै

सत्यवतीचा गुडघा खरचटलाय. विहिरीवर घसरली म्हणते. तरी सांगत असतो, शेवाळावर जपून. अक्षयाच्या सायकलच्या चाकांना किल्ल्याजवळच्या माळाची तांबडी माती लागलेली होती. शेजारची पोरं न विचारता नेतात. कुलूप लावलं. किल्ली सत्यवतीकडे दिली.

१५ जुलै

रत्नागिरीला बॅटरी बांधणाऱ्याकडे जाऊन आलो. त्याच्याकडे दोन आहेत, दोन्हींचे पाइप जाड. एक हलकी, पण तापली तर बिघडते. दुसरी लोखंडाच्या मसाल्याची, जरा जड, पण थंड डोक्याची आणि जास्त वर्षं टिकणारी. मला ठरवता येईना. मोठ्या गोष्टीत माणसाने आपली अक्कल चालवू नये. नवी बोट घेताना आम्ही देवीचा कौल घेतो. बॅटरीचाही घ्यायचा ठरवलं. रघू गुरवाला उद्या सकाळची वेळ सांगितली.

सत्यवतीने संध्याकाळी रघूच्या घरी सोडे पाठवले. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी! साधी सुकट नव्हे. आमच्याकडे सोडे पाहुण्यांनाही मोजून घालतात. विचारलं तर म्हणाली, "गुरवीन बरेच दिस मागत व्हती." मनाने फार मोठी आहे.

१६ जुलै

देवीचा कौल झाला. मला जे लिहावं लागतंय ते लिहितो.

नवलाईच्या मूर्तीला उजव्या-डाव्या बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. रघूने आधीच सांगितलं, "देवीला हो-नाय असाच विचाराचा. ती दुकान नाय चालवीत." मग हात जोडून मोठ्याने म्हणाला:

"आई नवलाई, ह्यो तुजा लेकरू महिपत, दर्यातला मानूस, सायकलीला बॅटरी लावताय. लोखंडाची बॅटरी लावलान तर सुखरूप चड चडंल काय, ता उजवा देऊन सांग!"

उजवी पडली. मला भरून आलं. तेवढ्यात सत्यवती मागून म्हणाली, "नव्या बोटीचा तांडेल कोन, ता पन विचारतात ना?"

खरं आहे, विचारतात. बोट हाकणारा तो तांडेल, त्याला देवीची परवानगी लागते. माझ्याबद्दल शंका नव्हतीच, पण रीत ती रीत. रघूने विचारलं, महिपतने चालवावी काय. डावी पडली.

पाकळी नीट चिकटली नसेल. पुन्हा विचारलं. डावी. मी म्हटलं, देवीला सांग, मी अमुक अमुक वर्षं बोटीवर काढलीत. रघूने सांगितलं. डावी इतक्या लगबगीने पडली, की मला थोडा अपमानच वाटला. डावीकडची पाकळी त्याने धोतराला पुसल्यासारखी दिसली, पण देवळात असलं बघू नये.

"मंग आई," रघू म्हणाला, "सत्यवतीन चालवावी का..."

वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पडली.

सत्यवतीने पदर तोंडाला लावला. भक्तीने तिचे खांदे हलत होते.

१७ जुलै

कोणाशी बोललो नाही. कोंबडीही माझ्याशी बोलत नाही, तेव्हा आम्ही दोघं परसात बसून होतो. देवीवर रागावता येत नाही. पण मग मी काय करायचं? बोट गेली. आता सायकलही गेली. सगळं बांधलं मी, आणि वर जाणार ती. मी या घरात नक्की कशासाठी आहे, हे देवीने त्याच वेळी सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं. पण ते हो-नाहीत मावत नाही.

२४ जुलै

सगळं जोडून झालं. वायरींना साधं रबर लावलं. मांजरं निराश होऊन आपापल्या गावी गेली.

सत्यवतीला शिकवायला माळावर नेलं. आयुष्यात पहिल्यांदा सायकलवर बसणारी बाई, तेव्हा मी मागून धरणार होतो. आधी समजावलं, की बोटीच्या सुकाणूचा दांडा डावीकडे जायचं तर उजवीकडे लोटतात, इथे तसं नाही, घाबरू नको. ती "व्हय, व्हय" म्हणाली, साडी खोचली आणि गेली. माळाला वळसा घातला, एका हाताने पदर सारखा केला आणि माझ्यासमोर येऊन थांबली. दोन्ही पाय जमिनीला टेकले.

मी थक्क झालो. देवीने कौल दिला त्याचा अर्थ आता कळला. तिने अंगात शक्तीच घातली.

"शिकवनारा चांगला व्हता," सत्यवती म्हणाली.

नारळी पौर्णिमा

सकाळपासून बंदरावर गर्दी. सायकलला झेंडू बांधला, पेटीवर झेंडा लावला. नारळ मी फोडला. कोणीतरी म्हणालं, बोटीसारखी दर्याला दाखवा. मी ओरडलो, "पाण्यात नाही!" लांबूनच दाखवली.

मग बोटी निघाल्या. आमची, म्हणजे नाखव्याची, बोटही निघाली. नव्या इंजिनाचा आवाज फार गुळगुळीत आहे. त्यात माणूस असल्यासारखं वाटत नाही. नवीन ड्रायव्हर बारका पोरगा आहे. त्याने माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. मी बॅटरीच्या पेटीवर हात ठेवून उभा होतो, कशाला तरी धरून उभं राहायचं म्हणून.

आज सत्यवतीला सांगायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, "ब्रेक घट्ट केलेत." तीही बाजूला उभी होती. मी बोटीवर का नाही, असं तिने विचारलं नाही. तिच्या लक्षात आलं नसावं. मला हायसं वाटलं.

१३ ऑगस्ट

पहिली ताजी मासळी. सत्यवतीने धक्क्यावर लिलावात घेतली, पेटीत बर्फ भरला आणि उजाडता उजाडता निघाली. चढणीपर्यंत मी सोबत चाललो. ती वर गेली तेव्हा आवाजसुद्धा आला नाही. बराच वेळ मी नुसता चढणीकडे बघत राहिलो. बॅटरी बंद पडली नाही.

घरी येऊन पायरीवर बसलो. चार्जर पुसला. पुन्हा पुसला. फोन केला, तिने उचलला नाही. विनोदचा भोंगा वर गेला, ताई, माई, वहिनी करत. मनात नको नको ते येऊ लागलं. आस फिरला असेल, चौकीदाराने झाकण लावलं असेल, उतारावर... थोड्या वेळाने भोंगा खाली आला आणि आमच्या दारात थांबला. विनोद उतरला. त्याची पेटी भरलेली.

"काका," तो म्हणाला, "काकी तर पार चुलीपरेंत जातात वो. आवाज नाय, काय नाय. मी रस्त्यावर बोंबलत, नि त्या मागल्या दारी मासळी साफ करून देतात. बॅटरी कुठची घेतलीत?"

"तुझी मोटरसायकल किती घोड्यांची?"

"आठ."

"जास्त झाले," मी म्हटलं.

सत्यवती आली ती गाणं गुणगुणत. पेटी रिकामी. तळच्या बर्फातून तिने केळीच्या पानात गुंडाळलेले दोन मोठे बांगडे काढले आणि माझ्या हातात दिले.

"ह्यो डायवरचा वाटा."

बोट परत आली की प्रत्येकजण आपला वाटा घेऊन घरी जातो. वाटा असेल तोच बोटीचा माणूस. मी म्हटलं, "ड्रायव्हर तू. मी पायरीवर बसलेला."

"मी तांडेल. इंजिन बगताय तो डायवर. इंजिन कोन बगताय, मी?" मग पाय धुता धुता, अगदी सहज म्हणाली, "नाखव्यान काडलान म्हनून मी कशाला काडीन तुमाला?"

मी बांगडे पायरीवर ठेवले. मग विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"नाखवीनीन. त्याच सांजेला. मी म्हटला, सांगतील कवातरी."

मला आधी राग आला. सगळा पावसाळा मी हे पोटात ठेवून फिरलो, उपाशी राहिलो, कोंबडीपाशी जाऊन बसलो. आणि हिने सगळं जाणून "व्हय, व्हय" करत मला चिरे उचलू दिले. मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुमी बसून ऱ्हायले असतात," ती म्हणाली. "उतारावर मागचा ब्रेक जरा सैल लागताय. उद्याच्याला बगून ठेवा."

ब्रेक आवळला. बॅटरी चार्जिंगला लावली. मग जेवायला बसलो. तिने दोन्ही बांगडे माझ्याच ताटात वाढले होते, एक मी उचलून तिच्या ताटात ठेवला. मी रडलो असतो, पण बांगड्याला काटे असतात आणि सगळं लक्ष तिकडे द्यावं लागतं.